पुन्हा श्रीगणेशा

मैत्रिणींनो, आमच्या सोनपेठच्या हळदीकुंकवात एक वाक्य हमखास कानी पडतं : "आता या वयात काय शिकायचं, बाई!" बोलणारी असते जेमतेम पस्तिशीची. तिचं बी.ए.चं सर्टिफिकेट ट्रंकेत साड्यांखाली पडलेलं असतं. अशा वेळी मला हटकून आठवतात ते वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे.

तरुणपणीच त्यांनी देश सोडला. अमेरिकेत ते शेतीशास्त्र शिकले आणि तिथेच १९१३ च्या गदर चळवळीत पडले. पहिल्या महायुद्धात इराणात जाऊन इंग्रजांशी लढले. मग काय, मायदेशाचं दार बंद! १९२४ साली ते मेक्सिकोत आसऱ्याला आले, तेव्हा चाळिशी उंबरठ्यावर होती. मुलूख परका, भाषा स्पॅनिश. पण विद्या बरोबर होती. ती कुठलं सरकार जप्त करणार?

चापिंगोच्या शेतकी विद्यालयात ते शिकवू लागले. आपल्याकडे जशी ज्वारीची, तशी तिथे घरोघरी मक्याची भाकरी. खानखोज्यांनी मक्याच्या आणि गव्हाच्या सुधारित वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने शिक्षण खात्याच्या भिंतीवर त्यांना रंगवलं, तेही पंक्तीला अन्न वाटताना!

१९३६ साली त्यांनी बेल्जियमच्या झान सिंदिक यांच्याशी लग्न केलं. देश स्वतंत्र झाल्यावर, पन्नाशीच्या दशकात, सत्तरीला टेकलेले खानखोजे नागपूरला स्थायिक झाले. १९६७ साली तिथेच वारले. त्यांच्यासाठी ते घरी परतणं होतं, पण झानबाईंसाठी? बेल्जियम, मेक्सिको आणि मग नागपूर. त्यांचं सासर तर सातासमुद्रापार! नव्या घरी पहिली चूल पेटवलेल्या प्रत्येकीला हे वेगळं सांगायला नको.

म्हणजे नव्याने सुरुवात करणं आपल्याला येतंच. फक्त ती आजवर दुसऱ्यांच्या संसारासाठी केली, एकदा स्वतःसाठी करायची. खानखोज्यांवर वेळच तशी आली होती. आपल्या डोक्यावर तर छप्पर आहे.

तेव्हा या आठवड्यात ते सर्टिफिकेट ट्रंकेतून काढा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घर सांभाळून शिकता येतं, त्याची चौकशी करा. दुपारचा एक तास आपला, असं घरात सगळ्यांना सांगून टाका. सासूबाई कुरकुरल्या तर चहा करून द्या, पण तास सोडू नका!