तीन वर्षं पोट कसं भरायचं?

टेक्सासमध्ये जिल्हा न्यायाधीश मतपेटीतून येतो. आधी स्वपक्षीयांशी लढून उमेदवारी मिळवायची, मग नोव्हेंबरात विरोधी पक्षाशी दोन हात करायचे. मुदत चार वर्षांची. ह्यूस्टनला लागून असलेल्या फोर्ट बेंड काउंटीत २०२२ साली या वाटेने २४०व्या जिल्हा न्यायालयावर निवडून आले सुरेंद्रन पट्टेल. मूळचे केरळातल्या कासरगोडचे, रोजंदारीवर राबणाऱ्या आईवडिलांचे चिरंजीव. दहावीनंतर शिक्षण सुटलं आणि ते विड्या वळायला बसले.

पुढे कॉलेजात नाव घातलं, तरी विड्या सुटल्या नाहीत. हजेरी भरेना, तेव्हा परीक्षेला बसता येणार नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. पट्टेलांनी शिक्षकांना गळ घातली : एकदा बसू द्या, मार्क चांगले पडले नाहीत तर कॉलेज सोडतो. हजेरी का कमी पडली, ते मात्र सांगितलं नाही. त्यांना कोणाची दया नको होती. निकाल लागला तेव्हा ते पहिले आले होते. कालिकतच्या सरकारी लॉ कॉलेजात शिकताना त्यांनी एका हॉटेलात साफसफाईचं काम केलं आणि १९९५ मध्ये पदवी घेतली.

मग होसदुर्गच्या कोर्टात वकिली, पुढे दिल्ली. पत्नी परिचारिका, तिच्या नोकरीमुळे २००७ मध्ये कुटुंब ह्यूस्टनला गेलं. तिथे काही काळ किराणा दुकानात काम, टेक्सासची बार परीक्षा, २०११ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठाची एलएल.एम., २०१७ मध्ये नागरिकत्व. प्रचारात त्यांच्या उच्चारांवर बोट ठेवणारे स्वपक्षातही होते. त्यांनी प्राथमिक फेरीत खुर्चीवर असलेल्या न्यायाधीशालाच हरवलं.

ही कहाणी वाचून ऊर भरून येतो. पण म्हणून न्यायाधीशांची निवडणूक आपल्याकडे आणावी, असं अजिबात नाही. शेजारच्याच हॅरिस काउंटीत २०१८ साली डेमोक्रॅटिक पक्षाची लाट आली आणि रिपब्लिकन न्यायाधीश धडाधड पडले. त्याच निवडणुकीत १७ कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायाधीश झाल्या, ही आनंदाचीच गोष्ट. मात्र तेव्हा एकाच खुणेने पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता येत असे. कोणत्या न्यायाधीशाने खटले नीट चालवले आणि कोणी रखडवले, हे अशा मतदानात कोण बघणार? शिवाय ज्या वकिलांचे खटले समोर चालायचे, त्यांच्याकडूनच प्रचाराला देणग्या येतात. कायद्याने त्यांना मर्यादा आहे, पण बंदी नाही.

कनिष्ठ न्यायाधीश निवडण्याची आपली स्पर्धा परीक्षेची वाट याहून कितीतरी स्वच्छ आहे. तिच्यात खोट आहे ती वेगळ्या जागी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. निकाल तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाचा. अट रास्त आहे. कोर्टाची पायरी न चढलेल्या पंचविशीच्या मुलाने जामिनाचे आणि ताब्याचे निर्णय देणं पक्षकारांच्या जिवावर बेततं.

पण सोलापुरात किंवा सिन्नरला विड्या वळून मुलीला एलएल.बी. करणाऱ्या आईचा विचार करा. मुलगी सनद घेते आणि ज्युनिअर म्हणून एखाद्या वकिलाच्या हाताखाली लागते. सकाळी फाइली लावायच्या, तारखा घ्यायच्या, नकलांसाठी अर्ज करायचे. महिनाअखेरीस हातात पडतात ते जाण्यायेण्याचे पैसे, तेही सीनिअरच्या मर्जीवर. ज्याच्या घरी वडिलांचं ऑफिस आहे, त्याची तीन वर्षं सहज निघतात. ही मुलगी सहा महिन्यांत बँकेच्या परीक्षेकडे वळते आणि न्यायव्यवस्था एका चांगल्या न्यायाधीशाला मुकते.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत, असं सुचवलं. ती नुसती सूचना आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टातल्या अनेक सीनिअरांची स्वतःची कमाईच ओढाताणीची, त्यामुळे सगळा भार त्यांच्यावर टाकणंही बरोबर नाही. अट न्यायव्यवस्थेच्या भल्यासाठी आहे, तर तिचा खर्च सरकारने उचलावा : गरजू घरातल्या ज्युनिअरला तीन वर्षं विद्यावेतन, थेट तिच्या खात्यात.