विश्लेषण : परदेशात असताना ‘आयडीपी’ची मुदत संपली तर? नवे मिळते, पण तेवढ्यावर गाडी चालवता येते का?

मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त दुबई, लंडन, टोरंटोला निघते, तेव्हा पासपोर्ट आणि पदवीच्या प्रमाणपत्रांबरोबर एक छोटी पुस्तिकाही बॅगेत जाते : इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, अर्थात आयडीपी. वर्ष कधी सरते कळत नाही. मग तळोज्यातल्या घरी फोन येतो, ‘बाबा, आरटीओत जाऊन नवे काढून पाठवता का?’ हे काम आता बाबांच्या चपला न झिजवताही होऊ शकते. केंद्र सरकारने त्यासाठी २०२१ मध्ये नियम बदलले. मात्र नवी पुस्तिका हातात पडली म्हणजे त्या देशात गाडी चालवण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही. दंड, विम्याचा नाकारलेला दावा आणि प्रसंगी फौजदारी कारवाई, हे सगळे या गैरसमजातून उद्भवू शकते.

आयडीपी म्हणजे नेमके काय?

आयडीपी हा स्वतंत्र परवाना नव्हे. तुमच्या मूळ भारतीय परवान्याचे, ठरलेल्या नमुन्यातले, अनेक भाषांतले ते भाषांतर आहे. ‘या व्यक्तीने आपल्या देशात परीक्षा देऊन अमुक प्रकारचे वाहन चालवण्याचा परवाना मिळवला आहे’ एवढेच ते परक्या पोलिसाला त्याच्या भाषेत सांगते. म्हणून ते नेहमी मूळ परवान्यासोबतच दाखवावे लागते. नुसती पुस्तिका खिशात आणि परवाना तळोज्यातल्या कपाटात असेल, तर ती निरुपयोगी आहे.

त्याचा आधार आहे १९४९ चा जिनिव्हा रस्ते वाहतूक करार. भारत त्यात सहभागी आहे आणि आपले आयडीपी त्याच करारानुसार निघते. मुदत एक वर्षाची, किंवा मूळ परवाना त्याआधी संपत असेल तर तोपर्यंतची. यापूर्वी राज्याराज्यांत या पुस्तिकेचा आकार, रंग, मांडणी वेगवेगळी असे. परदेशात त्यावरून अडवणूक होत असल्याने २६ ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने देशभर एकच नमुना ठरवण्यात आला. त्यावर मूळ परवान्याशी जोडणारा क्यूआर कोडही आला.

करारात नसलेल्या देशांना मात्र या पुस्तिकेचे बंधन नाही. चीन आयडीपी मानतच नाही. तिथे कोणत्याही देशाचे परमिट दाखवून उपयोग होत नाही.

तळोज्यातून अर्ज कुठे करायचा?

इथे पहिली गल्लत पत्त्याचीच होते. तळोजा नवी मुंबईत मोजले जाते, मेट्रोने बेलापूरशी जोडलेही गेले आहे. पण हा भाग रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात येतो. त्यामुळे इथले परिवहन कार्यालय पनवेलचे, म्हणजे एमएच-४६. एमएच-४३ हे वाशीचे. मुंबई, डोंबिवली, ठाण्यातून सिडकोच्या घरांत राहायला आलेल्या अनेकांच्या परवान्यावर अजून जुनाच पत्ता आणि जुन्याच कार्यालयाचा क्रमांक असतो. एरवी ते खपून जाते. परवान्याचे कार्ड टपालाने नोंदलेल्या पत्त्यावर येते, तेव्हा मात्र ते कुर्ल्याच्या सोडलेल्या खोलीवर जाऊन परत फिरते. विमानात बसण्याआधी पत्ता बदलून घेतलेला बरा.

अर्ज ‘सारथी’ पोर्टलवर करायचा. नमुना ४-ए, वैध परवाना, पासपोर्ट, छायाचित्र आणि एक हजार रुपये शुल्क. पूर्वी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि व्हिसाही मागितला जाई. ७ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेने या दोन्ही अटी काढल्या. काही देश विमानतळावर उतरल्यावर व्हिसा देतात, काहींचा निघण्याच्या आदल्या दिवशी हाती पडतो. व्हिसाशिवाय आयडीपी नाही म्हटल्यावर अशा प्रवाशांनी करायचे काय, हा प्रश्न होताच.

परदेशातून अर्ज करता येतो का?

येतो. त्याच अधिसूचनेचा हा मुख्य भाग आहे. तोवर परदेशात असताना आयडीपी संपले, तर नव्याने काढण्याची सोयच नव्हती. त्यासाठी भारतात यावे लागे. आता भारतीय नागरिकाला ज्या देशात तो आहे तिथल्या भारतीय दूतावासाच्या पोर्टलवरून अर्ज करता येतो. तो अर्ज परिवहन खात्याच्या केंद्रीय यंत्रणेमार्फत संबंधित आरटीओकडे जातो. म्हणजे अर्ज मँचेस्टरहून केला, तरी निर्णय पनवेलचे कार्यालयच घेते. मंजुरीनंतर पुस्तिका कुरियरने परदेशातील पत्त्यावर पाठवण्याची तरतूद आहे.

दूतावास इथे फक्त दुवा आहे, हे ध्यानात घ्यायला हवे. भारतीय परवान्यावरचे आयडीपी भारतच देऊ शकतो. अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये मिळणारे आयडीपी त्या देशांच्या परवानाधारकांसाठी असते.

या सगळ्यात एक बारीक खोच आहे, मोबाइल क्रमांकाची. ३ मार्च २०२१ च्या आदेशाने केंद्राने आधार पडताळणीवर चालणाऱ्या ज्या संपर्करहित सेवा जाहीर केल्या, त्यांत आयडीपी आणि चाचणी न लागणारे परवाना नूतनीकरण या दोन्ही आहेत. पण आधारचा ओटीपी येतो तो जोडलेल्या क्रमांकावर. परदेशी गेल्यावर वर्षभर रिचार्ज न केल्याने ते सिम बंद पडले असेल, तर सगळी डिजिटल सोय तिथेच अडते. महिन्याचे शे-दोनशे रुपये वाचवण्याच्या नादात हे अनेकांच्या बाबतीत घडते.

मग नवे आयडीपी मिळाल्यावर अडचण काय?

अडचण आयडीपीच्या तारखेत नसून तुम्ही त्या देशात कोण आहात यात असते. पाहुणे, की रहिवासी? १९४९ चा करार मुळात सीमा ओलांडून येणाऱ्या प्रवाशांसाठी झाला. तिथेच बिऱ्हाड थाटणाऱ्यांनी तिथला परवाना घ्यावा, अशी बहुतेक देशांची अपेक्षा असते. त्यासाठी किती दिवस द्यायचे हे प्रत्येक देश आपापले ठरवतो.

ब्रिटनचे उदाहरण घेऊ. भारतातून तिथे राहायला गेलेल्या व्यक्तीला भारतीय परवान्यावर १२ महिने गाडी चालवता येते. हे १२ महिने ती व्यक्ती तिथली रहिवासी झाली त्या दिवसापासून मोजतात. भारताशी परवाना अदलाबदलीची व्यवस्था नाही. त्यामुळे मुदत संपली की शिकाऊ परवाना काढून लेखी आणि रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागते. तेराव्या महिन्यात पनवेलहून कोरे करकरीत आयडीपी मागवले, तरी ते १२ महिने वाढत नाहीत.

जपानने तर ही पळवाट आधीच बुजवून ठेवली आहे. तिथे १९४९ च्या करारातले आयडीपी चालते, पण जपानमध्ये उतरल्यापासून एक वर्षच, आणि पुस्तिकेची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. रहिवासी म्हणून नोंद असलेली व्यक्ती जपानबाहेर जाऊन तीन महिन्यांच्या आत परतली, तर ते वर्ष नव्याने सुरू होत नाही. म्हणजे दिवाळीला पंधरा दिवस तळोज्याला येऊन नवे आयडीपी काढून नेण्याचा बेत तिथे कामाचा नाही. तिथे भारतीय परवान्याच्या आधारे जपानी परवाना घेण्याचा मार्ग आहे, पण ऑक्टोबर २०२५ पासून त्याची लेखी परीक्षाही कडक झाली. पूर्वी १० प्रश्न असत, आता ५० आहेत.

जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून सहा महिने भारतीय परवान्यावर गाडी चालवता येते. पुढे जर्मन परवान्यासाठी भारतीयांना लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. कॅनडातील ओंटारिओ प्रांत नव्या रहिवाशाला ६० दिवस देतो. अमेरिकेत नियम राज्यागणिक बदलतात. तिथला कॅलिफोर्नियाचा नियम भल्याभल्यांना चकवतो : रहिवासी झाल्यावर १० दिवसांत स्थानिक परवान्यासाठी अर्ज करायचा, आणि आयडीपीला तिथे परवाना म्हणून मान्यताच नाही. तिथला पोलीस मूळ भारतीय परवानाच मागतो.

मुदत उलटल्यावर चालवलेली गाडी ही कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना चालवलेली गाडी. नुसती अडवली गेली तर दंडावर निभावते. अपघात झाला, समोरचा जखमी झाला, तर विमा कंपनी पहिला कागद मागते तो चालकाच्या वैध परवान्याचा. तो नसेल तर नुकसानभरपाईची रक्कम चालकाच्या गळ्यात पडू शकते. कामाच्या व्हिसावर असलेल्यासाठी पोलिसांतली नोंद ही वेगळीच डोकेदुखी.

आखातात चालक म्हणून जाणाऱ्यांचे काय?

तळोजा औद्योगिक वसाहत, कळंबोली आणि न्हावा-शेवा बंदर या पट्ट्यात ट्रेलर, टँकर, कंटेनर चालवणाऱ्यांची कमतरता नाही. आखातातल्या नोकरीची ओढही इथे जुनी. ‘आयडीपी काढा, उतरलात की गाडी ताब्यात’ असे कोणी एजंट सांगत असेल, तर तिथेच सावध व्हावे. संयुक्त अरब अमिरातीत पर्यटक म्हणून गेलेला भारतीय आयडीपीवर भाड्याची मोटार चालवू शकतो. पण निवासी व्हिसा लागला की स्थानिक परवाना बंधनकारक होतो. थेट परवाना बदलून देण्याच्या तिथल्या यादीत भारत नाही. प्रशिक्षणाचे तास, परीक्षा आणि त्याचा खर्च आलाच. दुबईत अनुभवी परवानाधारकाला शिकवणी न घेता एकदा थेट परीक्षा देण्याची संधी मिळते. त्यात नापास झाल्यास पुन्हा शिकवणी. डावीकडून गाडी चालवण्यात हयात गेलेल्या माणसाला उजवीकडची सवय एका दिवसात लागत नाही, हेही आहेच.

हा खर्च कोण करणार आणि परवाना हाती येईपर्यंत पगार मिळणार का, हे करारपत्रात लिहून घेणे हाच खरा मुद्दा आहे. अवजड वाहनाचा परवाना तिथे वेगळा काढावा लागतो. आयडीपीवर ‘सी’ गटाचा शिक्का आहे म्हणून ट्रेलरची नोकरी पक्की होत नाही.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘इंटरनॅशनल लायसन्स’चे काय?

तीन, पाच, दहा वर्षे मुदतीचे ‘इंटरनॅशनल लायसन्स’ देतो असे सांगणाऱ्या खासगी वेबसाइट पैशाला पासरी आहेत. छपाई सुबक, होलोग्रामसुद्धा. १९४९ च्या करारानुसारचे परमिट एका वर्षाहून अधिक काळाचे नसतेच, त्यामुळे भारतीय परवान्यावर दहा वर्षांचे असे काही विकणाऱ्याचा खोटेपणा तिथेच उघडा पडतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही अशा बनावट कागदांबाबत इशारे दिले आहेत. पोलिसाला ते दाखवणे म्हणजे विनापरवान्याच्या गुन्ह्यात बनावट कागदपत्राची भर घालणे.

आणि मूळ भारतीय परवानाच संपला तर?

या विषयात सर्वांत कमी लक्ष जाते ते इथे. आयडीपी वर्षाचे असते म्हणून त्याची तारीख लक्षात राहते. परवाना वीस वर्षांचा, त्याची तारीख कोण पाहतो? मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी, पन्नाशीच्या आतल्या व्यक्तीला खासगी वाहनाचा परवाना २० वर्षांसाठी किंवा वयाच्या पन्नाशीपर्यंत मिळे. म्हणजे २००६ मध्ये अठराव्या वर्षी, अकरावी-बारावी संपवून काढलेला परवाना २०२६ मध्ये संपतो. ते मूल आज अडतिशीचे आहे आणि कदाचित न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये आहे. १ सप्टेंबर २०१९ नंतर नियम बदलले : तिशीच्या आत काढला तर वयाच्या चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नास या वयात काढला तर दहा वर्षे. पुढे मुदत आणखी आखूड होते.

परवाना संपला की त्यावरचे आयडीपीही संपते, नवे मिळत नाही, आणि ब्रिटन किंवा जर्मनीने दिलेली सवलतीची मुदतही लागू राहत नाही. तिथल्या परवान्यासाठी अनुभव दाखवायचा तर तोही वैध भारतीय परवान्याच्या जोरावरच. ओंटारिओसारख्या ठिकाणी भारतातील अनुभवाचा अधिकृत दाखला दिला तर पूर्ण परवान्याची रस्ता चाचणी लवकर देता येते. अनेक दूतावास भारतीय परवाना पडताळून तसे पत्र देतात, मात्र त्यासाठी परवाना ‘सारथी’च्या नोंदीत सापडावा लागतो. पनवेलला स्वतंत्र क्रमांक मिळण्यापूर्वी या भागाचा कारभार पेणहून, एमएच-०६ या क्रमांकावर चाले. त्या काळातले किंवा त्याआधीचे पुस्तकी परवाने अजून संगणकात चढले नसतील, तर आधी ती जुनी नोंद करून घ्यावी लागते. हे काम परदेशातून फोनवर उरकण्यासारखे नाही.

नूतनीकरणाला कायद्याने बऱ्यापैकी सवड दिली आहे : मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून एक वर्ष नंतरपर्यंत अर्ज करता येतो. चाळिशीच्या आत असाल तर स्वयंघोषणापत्र पुरते, त्यापुढे डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते. पूर्वी मुदतीनंतरही ३० दिवस परवाना वैध धरला जाई. २०१९ च्या दुरुस्तीने ती सूट गेली, त्यामुळे अर्जाला वर्षभराची मुभा असली तरी मधल्या काळात गाडी चालवता येत नाही. ते वर्षही उलटले, तर नूतनीकरणासाठी पुन्हा चाचणी द्यावी लागते. आणि चाचणीसाठी माणसाला स्वतः यावे लागते. त्यासाठी दूतावासाचे पोर्टल नाही.