कायदा थांबतो तेथे कॉलेज सुरू होते

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचे विधेयक संमत केले व २२ ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. ‘आता मुलांचे मोबाईलवरील खेळ एकदाचे बंद होणार’ असा या वार्तेचा अर्थ आपल्याकडील अनेक पालकांनी लावला. तो अर्थ बरोबर नाही. या कायद्याने ऑनलाइन खेळांचे तीन वर्ग केले आहेत : ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैसे लावून खेळावयाचे खेळ. बंदी आहे ती केवळ तिसऱ्या वर्गावर. असे खेळ चालविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उरलेल्या दोन वर्गांना तर या कायद्याने उत्तेजनच देऊ केले आहे. पैसे बुडविणाऱ्या खेळाला आवर घातला गेला, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. मात्र कॉलेजात शिकणाऱ्या मुलाचे पैशांहून अधिक जे बुडते, म्हणजे वेळ, त्याविषयी कायदा काही बोलत नाही आणि बोलूही शकणार नाही.

बंदीचा अनुभव आपल्या देशाने यापूर्वी घेतलेला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जीवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या भारतीय नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा गेला आणि मे २०२३ मध्ये पुन्हा आला. शिवाय ही पावले उचलली गेली ती सुरक्षिततेच्या कारणास्तव. विद्यार्थ्यांचा अभ्यास हे त्यामागील कारण नव्हते. चीनने २०२१ मध्ये अतिशय कठोर नियम केला : शुक्रवार, शनिवार, रविवार व सार्वजनिक सुट्ट्यांच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढाच वेळ ऑनलाइन खेळ. पण तो नियमही १८ वर्षांखालील मुलांपुरता आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये १६ वर्षांखालील मुलांसाठी मध्यरात्रीनंतर खेळ बंद ठेवण्याचा कायदा केला होता. दहा वर्षांच्या अनुभवानंतर तोही मागे घेतला. सांगावयाचे ते इतकेच की, जगातील कडक कायदेही अठराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर येऊन थांबतात, आणि आपल्या मुला-मुलींचे कॉलेज नेमके तेथूनच सुरू होते.

बारावीपर्यंत दिवसाला एक चौकट असते. शाळा, शिकवणी, चाचणी, प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही. कॉलेजात ही चौकट एकाएकी नाहीशी होते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार वर्षाला ४० क्रेडिट व एका क्रेडिटमागे ३० तासांचे अध्ययन असा हिशेब आहे. म्हणजे एका सत्राला ६०० तास; सत्राचे पंधरा आठवडे धरले तर आठवड्याला ४० तास, एखाद्या पूर्णवेळ नोकरीएवढे! परंतु तात्त्विक विषयाच्या एका क्रेडिटमागे वर्गातील तासिका साधारण पंधराच तासांच्या असतात. उरलेला निम्मा अभ्यास विद्यार्थ्याने स्वतः करावयाचा, आणि त्याची हजेरी कोणी घेत नाही. आमच्या मते सारा प्रश्न या निम्म्या भागाचा आहे. तो बुडाला तरी सत्र संपेपर्यंत कोणास कळत नाही. एटीकेटी लागते तेव्हाच ते घरी समजते.

आता खेळाची बाजू पाहू. बीजीएमआयचा मोठ्या नकाशावरील एक डाव सुमारे अर्ध्या तासाचा. शंभर खेळाडू उतरतात, बहुधा चौघांच्या तुकड्यांनी. हा डाव मध्येच थांबवता येत नाही. उठून गेलो तर उरलेले तिघे संकटात. आई जेवायला हाक मारते तेव्हा ‘पाच मिनिटे’ असे उत्तर येते, ते नेहमीच उर्मटपणाचे असते असे नाही. खरोखरच त्या क्षणी तीन मित्र त्याच्यावर विसंबून असतात. (ही गोष्ट पालकांनी एकदा समजून घेतली तर घरातील निम्मी भांडणे टळतील, असे आम्हांस वाटते.) डाव संपला की लगेच दुसऱ्या डावाचे निमंत्रण. दररोज हजेरी लावली तर बक्षीस. सीझन संपण्याआधी वरची पायरी गाठली नाही, तर पुढील सीझनला पुन्हा खालून चढावे लागते. पैसे देऊन ‘रॉयल पास’ घेतला असेल, तर नेमून दिलेली कामगिरी पूर्ण केल्याविना त्याचा पुरता मोबदला मिळत नाही. म्हणजे पैसे भरूनही पुन्हा वेळ द्यावयाचा.

दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या की चित्र स्पष्ट होते. खेळ रोज काहीतरी मागतो आणि रोज काहीतरी देतो. कॉलेज चार महिन्यांनी एकदम मागते. अशा स्पर्धेत अभ्यास मागे पडला, तर त्याचे कारण केवळ आळस असे म्हणता येणार नाही. दररोज सायंकाळी चार डाव म्हणजे दोन तास. आठवड्याचे चौदा, सत्राचे दोनशे दहा. स्वाध्यायाचे तास होते तीनशे! त्यातच आपल्या वसई-विरारचा जो विद्यार्थी मुंबईच्या कॉलेजात जातो, त्याचे येण्याजाण्याचे दोन-तीन तास लोकलच्या गर्दीत जातात. त्याने तर हा हिशेब कागदावर मांडूनच पाहावा.

पूर्वी सायबर कॅफेत काउंटर-स्ट्राइक खेळणाऱ्या पिढीला एक मर्यादा आपोआप होती. तासाला भाडे होते आणि खिशातील पैसे संपले की घरी यावे लागे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि ते घड्याळच निघून गेले. मोबाईल काढून घेणे हाही आता उपाय राहिलेला नाही. कॉलेजच्या सूचना, नोट्स, फीची पावती, रेल्वेचे तिकीट, सारे त्याच मोबाईलमध्ये असते.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे आवश्यक वाटते. खेळणारा प्रत्येक मुलगा व्यसनी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला व ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. परंतु त्याच्या कसोट्या कडक आहेत : खेळावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळास अग्रक्रम मिळणे, नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, आणि हे सर्वसाधारणपणे वर्षभर दिसून येणे. अशी लक्षणे असतील तर ओरडण्याऐवजी डॉक्टरांकडे न्यावे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून यासाठी स्वतंत्र उपचार केंद्र आहे. इतरांचा प्रश्न आजाराचा नसून वेळापत्रकाचा आहे, आणि त्यांस रोगी म्हणून हिणवल्याने ते अधिकच दार लावून बसतात.

७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्यास संतपद बहाल केले, त्या कार्लो अक्युटिसची मूर्ती आता धर्माग्रामांतील युवकांना परिचित होऊ लागली आहे. १९९१ मध्ये जन्मलेला हा मुलगा संगणकात निष्णात होता आणि त्याच्याकडे प्लेस्टेशनही होते. त्यावर आठवड्याला एकच तास खेळावयाचे, असे त्याने ठरविले होते. तो २००६ मध्ये, पंधराव्या वर्षी, वारला. त्यामुळे कॉलेजचा मोकळेपणा त्याच्या वाट्यास आला नाही. एक तास हा आकडा सर्वांस लागू करावा असेही आमचे म्हणणे नाही. लक्षात घ्यावयाचे ते हे की, मर्यादा त्याने स्वतःच स्वतःला घालून घेतली होती.

आजच्या खेळात मर्यादा तासांत मोजण्यापेक्षा डावांत मोजणे अधिक व्यवहार्य आहे, कारण घड्याळ पाहून डाव सोडता येत नाही. बसण्यापूर्वीच दोन की तीन ते ठरवावे, आणि त्या दिवसाचा स्वाध्याय आधी उरकून घ्यावा. पालकांनीही हाक मारावयाची ती डावाच्या मध्ये नव्हे, तर पुढचा सुरू होण्यापूर्वी. आणखी एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. तुकडीतील चौघे पुष्कळदा एकाच वर्गातील असतात आणि त्यांच्या परीक्षाही एकाच आठवड्यात येतात. एकट्याने खेळ थांबविणे जड जाते, कारण आपण मागे पडू आणि मित्र पुढे जातील ही धास्ती असते. परीक्षेआधीचे तीन आठवडे चौघांनी मिळूनच सुट्टी घेतली, तर चौघांचे स्थान सारखेच घसरते आणि कोणीही कोणाच्या मागे पडत नाही.