कोवळ्या झाडांची हिवाळी राखण

नाताळ सरला की थंडी खरी बोचू लागते. सुरत शहरात मात्र ती फारशी सतावत नाही. समुद्र जवळ असल्याने जानेवारीतही पहाटेचा पारा सरासरी 15 अंशांच्या आसपास राहतो. त्यामुळे खानदेशातून येऊन तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या अंगणांत गुलमोहर, खुरचाफा, बोगनवेल हिवाळा सुखाने काढतात. तेच रोप गाडीने नंदुरबारला नेऊन सातपुड्यातील मूळ गावी लावले, तर गोष्ट निराळी होते. अक्कलकुवा तालुक्यातील डाब परिसरात कडाक्याच्या थंडीत गवतावरचे दव गोठून पांढरे होते. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, खुरचाफा मध्य अमेरिकेचा. असला गारठा त्यांच्या ओळखीचा नाही. लेकराच्या बाप्तिस्म्याची किंवा वडीलधाऱ्यांची आठवण म्हणून लावलेले रोप एका रात्रीत काळवंडते आणि घरातील सर्वांस चुटपुट लागते.

हे टाळता येते. दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली ऊब आकाशाकडे सोडते. आभाळ निरभ्र व वारा पडलेला असला की ही ऊब झपाट्याने जाते आणि जड, थंड हवा सखल जागी साचते. पाने गोठतात ती तेव्हा. म्हणून झाडाची राखण म्हणजे जमिनीची ऊब राखणे, हे सूत्र ध्यानी धरावे.

अशी रात्र येणार असे दिसताच दुपारी रोपास पाणी द्यावे. ओली माती कोरडीपेक्षा अधिक ऊब साठविते. आळ्यातील पाचोळा दिवसा बाजूस सारावा, म्हणजे ऊन मातीत मुरेल. सूर्यास्तापूर्वी रोपाभोवती चार काठ्या रोवून त्यांवर गोणपाट घालावे. ते पानांस टेकू नये, पण चहूबाजूंनी जमिनीपर्यंत पोचावे. नुसते शेंड्यावर बांधलेले फडके निरुपयोगी होय. ऊन चढले की आच्छादन काढून ठेवावे. नाशिक जिल्ह्यात निफाडकडील द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवितात, विहिरीचे पाणी सोडतात, तेही याच ऊबेसाठी. अंगणातील एकट्या रोपास गोणपाट पुरते.

पुढील लावणी करताना खोलगट जागा टाळावी. दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत दिवसा तापून रात्री रोपास आधार देते. लावणी पावसाच्या आरंभी करावी, म्हणजे थंडीपूर्वी मुळे धरतात. दसऱ्यानंतर शेणखत वा युरिया देऊ नये. त्याने फुटलेले कोवळे धुमारे प्रथम बळी पडतात.

इतके करूनही रोप करपलेच तर? आमची कळकळीची विनंती अशी की, ते लगेच उपटू नये आणि सुकलेल्या फांद्याही छाटू नयेत. मेलेली पाने खालच्या जिवंत डोळ्यांवर पांघरूण घालतात, आणि घाईने छाटल्यास फुटलेला नवा कोंब पुढच्या गारठ्यात सापडतो. बुंध्याची साल नखाने किंचित खरवडून पाहावी. आत हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. चैत्रापर्यंत बेताने पाणी देत राहावे. पुष्कळदा मुळाजवळून नवी पालवी फुटते, आणि कुटुंबाची आठवण उकिरड्यावर जाण्यापासून वाचते.