उत्तर मराठीत, प्रश्न परक्या भाषेत!
इंग्रजांनी १८५५ मध्ये भारतातील सनदी सेवेसाठी खुली स्पर्धा परीक्षा सुरू केली. पण ती घेतली लंडनमध्ये! भारतात ती होण्यास १९२२ साल उजाडले. परीक्षा मायदेशी आली, भाषा मात्र साहेबाचीच राहिली. कोठारी समितीच्या शिफारशींनंतर १९७९ पासून मुख्य परीक्षा मराठीतून लिहिता येऊ लागली. प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी व हिंदीतच. (त्यातील अनुवादित हिंदी समजून घेण्यास हिंदी भाषकही इंग्रजी मजकुराकडे वळतात, हा भाग वेगळा!) २०११ च्या ‘सीसॅट’ने तर पूर्वपरीक्षेतच इंग्रजी उताऱ्यांना गुण दिले, २०१४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा कोठे ते गुण वगळले गेले. ज्या अधिकाऱ्याने उद्या गडचिरोलीच्या शेतकऱ्याचे गाऱ्हाणे मराठीत ऐकायचे, त्याला मराठीत प्रश्न विचारण्यास आयोगाला अडचण कोणती?