लाकूड की कोळसा: हिशेब झाडापासून मांडा

प्रति,
मेळा अधिकारी,
सिंहस्थ 2028, उज्जैन

महोदय,


शिप्रेच्या घाटांची कामं चालू आहेत, म्हणून मेळ्यातल्या जळणाचा विषय आताच काढते. गॅस जिथे पुरेल तिथे तो वापरावाच. पण आखाड्यांच्या आणि अन्नक्षेत्रांच्या कढया सरपणावर चढतात, हे उज्जैनकरांना नवं नाही. अशा वेळी ‘धूर नको, कोळसा द्या’ ही सूचना कुणीतरी करतंच. ती मान्य करण्याआधी पुढचा हिशेब पाहावा, ही विनंती.

वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत साधारण 3,700 किलोकॅलरी उष्णता असते, चांगल्या लाकडी कोळशात सुमारे 7,000. वजनाला वजन लावलं की कोळसा जवळपास दुप्पट भरतो, आणि फसगत होते ती इथेच. मातीच्या भट्टीत एक किलो कोळसा पाडायला पाच ते सात किलो लाकूड जातं. सहा किलो धरलं तरी 22,000 किलोकॅलरींपैकी हाती येतात 7,000. उरलेल्यांचा रानातच धूर होतो. मेळ्यात धूर दिसत नाही, कारण तो भट्टीजवळच्या गावाने आधीच सोसलेला असतो.

आता भांड्याला किती लागतं ते पाहू. शंभर लिटर पाणी 25 अंशांवरून उकळीला आणायला 7,500 किलोकॅलरी हव्यात. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर जाळाचा जेमतेम आठवा हिस्सा भांड्याला लागतो, म्हणजे सोळा किलो लाकूड. चांगल्या शेगडीत पाव हिस्सा लागतो, म्हणजे सव्वाचार किलो कोळसा. पण त्यामागे पंचवीसेक किलो लाकूड आधीच जळालेलं असतं. आणि खाली जाळी असलेल्या, भांडं नीट बसणाऱ्या बंदिस्त चुलीत तेच पाणी सातेक किलो लाकडावर उकळतं. सगळ्यात वाईट चूलसुद्धा कोळशापेक्षा कमी झाडं खाते!

दाल-बाफले करणाऱ्या आचाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. डाळ जाळावर शिजते, उकडलेले बाफले गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजले जातात. लाकडाची चूलही आधी जाळ देते, मग निखारे. कोळसा विकत घेताना आपण तो जाळ सोडून देतो आणि नुसत्या निखाऱ्याचे पैसे मोजतो. शिवाय बंद तंबूत कोळशाची शेगडी जिवावर बेतते. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग.

कोळसा सरसकट वाईट, असं मी म्हणत नाही. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने, डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, शेतात पेटवून देतात त्या उसाच्या पाचटाचा कोळसा केला आणि 2002 साली अ‍ॅशडेन पुरस्कार मिळवला. तिथे झाड पडत नाही. असा कोळसा जरूर आणावा.

खरी बचत वाळलेल्या लाकडात आहे. ताज्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं, आणि ते पाणी उडवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. नाशिकचं सिंहस्थ पावसाळ्यात येतं, आपलं ऐन वैशाखात, माळव्याच्या उन्हात. एवढी सोय असताना ओलं सरपण जाळणं हा निव्वळ अपव्यय आहे. मात्र गेल्या सिंहस्थात, 5 मे 2016 च्या वादळी पावसात, मंडप कोसळून माणसं दगावली होती, हे विसरू नये. तसा पाऊस पुन्हा आला, तर उघड्यावर रचलेल्या लाकडाचा काही भरवसा नाही.

म्हणून लाकूड आदल्या हिवाळ्यातच फोडून वखारींत रचून ठेवावं, वर पत्रा असावा. अन्नक्षेत्राला जागा देतानाच बंदिस्त चुलीची अट घालावी. आणि कोळशाचा पुरवठा ठरवायचा झालाच, तर तो कशापासून पाडला आहे याची नोंद निविदेत मागावी.

आपली,
एक उज्जैनकर