निकाहनामा वाचलास का?

गेल्या वर्षभरात आमच्या नात्यात पाच निकाह झाले. पाचही वेळा मी मेंदीच्या रात्री नवरीला गाठलं आणि हळूच विचारलं, 'निकाहनामा वाचलास का गं?' एकीनंही वाचला नव्हता. 'त्यात वाचायचं काय, खाला? सही तर करायची असते,' सगळ्यात धाकटी म्हणाली. ही धाकटी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसते. कागद न वाचता सही करणाऱ्या गिऱ्हाइकांवर रोज वैतागते.

मुस्लिम बाईच्या हक्कांचा विषय निघाला की बुरखा येतो, तलाक येतो, चार बायका येतात. निकाहनामा कुणाला आठवत नाही. खरं तर इस्लाममध्ये लग्न हा करार आहे. दोन बाजू, साक्षीदार, ठरलेली मेहर आणि दोघांची कबुली. करार म्हटला की अटी आल्या, आणि अटी घालायचा हक्क नवरीलाही आहे. हे काही मी बंडखोरी म्हणून सांगत नाहीये. कुणाही जाणत्या मौलवीसाहेबांना विचारा, ते 'हो' म्हणतील. मात्र विचारल्याशिवाय आपणहून सांगणार नाहीत.

प्रत्यक्षात काय होतं? पुरुष बाहेर मांडवात. आत बायकांच्या गराड्यात मान खाली घालून बसलेली नवरी. वकील (कोर्टातला नव्हे, तिची संमती घ्यायला येणारा, बहुधा मामा किंवा चाचा) दोन साक्षीदारांना घेऊन आत येतो, मुलाचं नाव आणि मेहरचा आकडा सांगतो आणि विचारतो, 'कबूल है?' कित्येकींना आपली मेहर किती, ते त्या क्षणी पहिल्यांदा कळतं. आता तिथं ती काय म्हणणार, 'थांबा, जरा बोलून घेऊ'? शेजारची फुफी डोक्यावर हात ठेवून तिची मान हलवते, की झाली कबुली. मग रजिस्टर पुढं येतं. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी ते उर्दूत असतं आणि मराठी शाळेत शिकलेल्या आमच्या पोरींना उर्दू वाचता येत नाही. बोट ठेवलं तिथं सही.

मेहरचंच घ्या. ती नवऱ्यानं बायकोला द्यायची असते. तिच्या बापाला नाही, सासरच्या कुणाला नाही, तिलाच. ती खुशीनं द्या, असं कुरआनानं बजावलंय. १९६१च्या हुंडाबंदी कायद्यानंही मेहर हुंड्यातून स्पष्टपणे वगळली आहे. नवरा वारला तर न दिलेली मेहर हे त्याच्या मालमत्तेवरचं कर्ज ठरतं, आणि ते फेडल्यावर वारसांच्या वाटण्या. म्हणजे बाईच्या हातात केवढी भक्कम गोष्ट आहे बघा!

आणि आमच्याकडे ठरते किती? ७८६ रुपये. कुठं १,१०१. त्याच लग्नात 'जोडे की रकम' म्हणून नवरदेवाला लाखभर रुपये आणि वर मोटारसायकल. घेताना शरियत आठवत नाही, द्यायची वेळ आली की 'शरई मेहर' आठवते. बरं, पैगंबरांच्या लेकीची, हजरत फातिमांची मेहर आदर्श म्हणून सांगतात ना? ती भरते सुमारे दीड किलो चांदी. आजच्या भावानं लाखाच्या वर जाते. मग हे ७८६ कुठल्या किताबातून आले?

त्याहून जिवाला लागतं ते पुढचं. माझ्या एका चुलतसासऱ्यांचा जनाजा उचलायच्या आधी चाचीला आतून बाहेर आणलं. ती रडून रडून अर्धमेली झालेली. दोघी-तिघी म्हाताऱ्या तिला सांगत होत्या, 'बोल, मेहर माफ किया. मरनेवाले पर बोझ नको.' चाची बोलली. न बोलून करते काय? मेहरचा विषय तिनं चाळीस वर्षांत कधी काढला नव्हता आणि काढला तो हा असा, तिच्याच तोंडून माफ करून घ्यायला. चाचांच्या दुकानाची वाटणी मात्र चाळिसाव्याच्या आधीच सुरू झाली. तिथं कुणाला बोझ वगैरे आठवला नाही.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी खरं तर मी हे लिहायला घेतलं. तलाक-ए-तफवीज. नवरा स्वतःकडचा तलाकचा हक्क करारानं बायकोकडेही सोपवू शकतो. म्हणजे निकाहनाम्यात लिहून ठेवायचं की, नवऱ्यानं दुसरं लग्न केलं, मारहाण केली, खर्चाला दिलं नाही, तर बायको स्वतः तलाक घेऊन मोकळी होऊ शकेल. हे नवं नाही. दुसरं लग्न केल्यास बायकोला तलाकचा हक्क, असा करार कलकत्त्याच्या न्यायालयानं १८७१ सालीच मान्य केला होता. ट्युनिशियातल्या कैरवान शहरात तर आठव्या शतकापासून ही रीत सांगतात. तिथल्या अरवा नावाच्या बाईनं लग्नातच नवऱ्याकडून लिहून घेतलं होतं की मी असेपर्यंत दुसरी बायको नाही. तो नवरा पुढं खलिफा झाला. बगदाद वसवणारा अल-मन्सूर तो! खलिफा झाल्यावर त्यानं करार मोडायला बघितलं, पण काझींनी अरवाचीच बाजू घेतली, असं सांगतात.

एवढं लांब कशाला, शेजारी पाहा. पाकिस्तानात १९६१चा कौटुंबिक कायदा आहे, तो तेव्हा पूर्व पाकिस्तानातही लागू झाला आणि आजच्या बांगलादेशातही आहे. तिथल्या छापील निकाहनाम्यात अठरावा रकानाच आहे, 'नवऱ्यानं तलाकचा हक्क बायकोला दिला आहे काय?' पाकिस्तानातल्या बायकांच्या संघटनांची तक्रार अशी की निकाह लावणारे पुष्कळदा कुणाला न विचारता त्यावर काट मारून मोकळे होतात. पण निदान रकाना तरी आहे! आपल्याकडे सगळीकडे चालणारा एक निकाहनामाच नाही. ज्याच्या त्याच्या जमातीचं ज्याचं त्याचं पुस्तक. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं २००५ साली भोपाळला एक नमुना काढला, त्यात एका दमात तीन तलाक टाळावेत असा सल्ला होता, बंदी नव्हती. बायकांनी स्वतःचे नमुने काढले ते यापेक्षा धीट. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाचं तर म्हणणं आहे की मेहर निदान नवऱ्याच्या वर्षाच्या कमाईइतकी हवी. मला ते पटतं.

कायदा नको असं मी म्हणत नाही. १८ एप्रिल १९६६ला मुंबईत हमीद दलवाईंबरोबर सात बायका मोर्चानं गेल्या, तेव्हा त्यांची मागणी कायद्याचीच होती. तिहेरी तलाक रद्द ठरायला २२ ऑगस्ट २०१७ उजाडलं. एक्कावन्न वर्षं! त्याच खटल्यात मे महिन्यात न्यायालयानं बोर्डाला विचारलं होतं की निकाहनाम्यातच नवरीला तिहेरी तलाक नाकारायची सोय देता येईल का. आम्ही काझींना तशा सूचना पाठवू, असं बोर्डानं लिहून दिलं. आमच्या भागातल्या पाच निकाहांत तरी त्या सूचनेचा मागमूस मला दिसला नाही. २०१९च्या कायद्यानं नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण तो आत गेल्यावर बायकोनं खायचं काय, हे विचारलं की सगळे गप्प. आणि बाईलाच सुटायचं असेल तर? १९३९चा कायदा आहे, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढा, तारखा घ्या. खुला मागावा तर नवरा राजी हवा, असंच बहुतेक काझी धरून चालतात. केरळ उच्च न्यायालयानं २०२१ साली वेगळा निकाल दिला, तो इकडच्या गावांत कुणाला ठाऊक? निकाहनाम्यातल्या चार ओळी यातला कितीतरी त्रास वाचवतात.

मग लिहीत का नाहीत? मी आयांना विचारते. 'बेटा, शादी के घर में तलाक का नाम लेते क्या?' अपशकुन म्हणे. विमा काढताना नाही होत अपशकुन! दुसरं कारण खरं आहे आणि ते मला खोडून काढता येत नाही. ज्या बापाला मोठ्या मुश्किलीनं स्थळ मिळालंय, तो अटी कुठल्या तोंडानं घालणार? 'मुलीकडचे तेज आहेत' म्हणून लग्न मोडेल, ही भीती खोटी नाही. बिनबापाच्या, शिवणकाम करून घर चालवणाऱ्या पोरीला मी कुठल्या तोंडानं सांगू की तू अट घाल?

म्हणून मला वाटतं, हे काम मुलींच्या आयांवर टाकू नये. आपण मुलांच्या आयांनी ते करायला हवं. आपला हात वर असतो तेव्हाच. मुलाकडूनच सांगितलं की मेहर इतकी, त्यातली निम्मी निकाहच्या दिवशी हातात, आणि तफवीजची ओळ आम्हीच लिहून देतो, तर मुलीकडचे कशाला 'नको' म्हणतील? मजकूर मराठीत हवा, आणि सहीची एक प्रत नवरीच्या पर्समध्ये. सासरच्या कपाटात नव्हे.

माझ्या मोठ्याचं या हिवाळ्यात ठरतंय. त्याला हे सगळं सांगितलं तर आधी हसला, मग म्हणाला, 'अम्मी, म्हणजे ती मला कधीही सोडू शकते?' मी म्हटलं, कधीही नाही, तू काय काय केलंस तर ते लिहू, बस, कागद घे. दोन संध्याकाळी बसून आम्ही सहा अटी काढल्या. चौथीवर अडलंय. खर्चाला दिलं नाही म्हणजे किती महिने, यावर त्याचे अब्बा सहा म्हणतात, मी दोन.